माणसं गायलीच नाहीत

१

"शरदचंद्र खुर्चीत बसल्या बसल्या गेले हे तुला माहीत आहे. पण खोलीला बाहेरून कडी होती, हे मी तुला सांगितलं नव्हतं."

सौदामिनीनं फोनवर एवढं सांगितलं आणि रडायला लागली. मी नांदेडला, गॅसवर दूध. दूध उतू गेलं ते गेलंच. मी म्हणलं, "रडून घे आधी. मग सांग कडी कोणी लावली."

"त्यांना सांभाळायला ठेवलेल्या पंचफुलानं. दर रविवारी तीच लावायची. त्यांनीच लावायला सांगितली होती. आता आमच्या पोरानं, यज्ञेशनं, तिच्या नावानं पोलिसात अर्ज दिलाय. माणूस आत मरत होता आणि ही बाहेर झोपली होती म्हणतो. ज्योत्स्ना, तू ये गं."

मी ज्योत्स्ना. नांदेडला फौजदार होते. नोकरीतून निवृत्त झाले, जीभ अजून झाली नाही. सौदामिनी माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचे यजमान, शरदचंद्र सर, लातूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. सभ्य माणूस, पण एका गोष्टीचं वेड होतं आणि त्या वेडापायी मी त्यांच्या घरी मुक्कामाला जायचंच सोडलं होतं.

गुडघ्याला पट्टा बांधला आणि लातूरची एसटी धरली. पोहोचले तर सौदामिनी दारातच उभी होती. पंधरा दिवसांत बाई निम्मी झाली होती. चहासुद्धा न विचारता म्हणाली, "पंचफुलानं काल जीव द्यायला स्वतःच्या घरात विष शोधलं. तिच्या पोरीनं बघितलं म्हणून बरं."

२

आता हे वेड काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

जर्मनीत दोनशे वर्षांपूर्वी एक संगीतकार होऊन गेला. पुढं बहिरा झाला बिचारा. त्यानं नऊ सिंफनी लिहिल्या. सिंफनी म्हणजे शंभरेक वादकांनी मिळून वाजवायचं लांबलचक काम, चार भागांचं. जगभरच्या वाद्यवृंदांनी त्या नऊच्या नऊ वाजवून त्यांच्या रेकॉर्डींच्या पेट्या काढल्या. एका वृंदाची एक पेटी, म्हणजे एक संच. सरांकडं असे चाळीसच्या वर संच. तेच संगीत, तेच सूर, नुसते वाजवणारे वेगळे. मी एकदा म्हणलं होतं, सर, हे म्हणजे एकच भजन चाळीस गावच्या मंडळींचं जमवण्यासारखं झालं. सर म्हणले, "बरोबर. आणि कोणत्या गावानं खरं म्हणलं ते शोधायचं." संच मात्र पुरा पाहिजे. नवातल्या एकीचीही रेकॉर्ड हरवली तरी ती पेटी त्यांच्या लेखी रद्दी.

दर रविवारी दुपारी माडीवरच्या खोलीत 'तुलना' चालायची. एक सिंफनी, दोन संच. पडदे ओढलेले, मोबाइल स्टीलच्या डब्यात, आणि शेवटचा सूर विरेपर्यंत कोणी बोलायचं नाही, उठायचं नाही, वळायचं नाही. पंचफुलानं बाहेरून कडी घालायची आणि दाराशी बसायचं, म्हणजे कोणी मधेच शिरणार नाही. एकदा तिनं चहा घेऊन मधेच दार उघडलं, तर सर आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. खोलीला दुसरं दार होतं, बाहेरच्या लोखंडी जिन्याकडं. ते आतून उघडायचं आणि आपसूक बंद व्हायचं. पाहुणे तिकडून यायचे जायचे.

पाहुणे म्हणजे एकच. उदगीरचे गुरुबसप्पा, धान्याचे आडते. त्यांच्याकडं तीसेक संच. चाळीस वर्षांची दोस्ती आणि चाळीस वर्षांची चढाओढ.

त्या रविवारी नववी सिंफनी होती. सौदामिनी डोहाळजेवणाला गेली होती. दिवेलागणीला परत आली तर पंचफुला कडी लावलेल्या दाराशी बसलेली, आत सामसूम. सौदामिनीनं दार उघडलं. सर मधल्या खुर्चीत, मान एका बाजूला. रेकॉर्ड फिरत होती आणि सुई शेवटच्या रेघेत खरखर करत होती.

"तू इतका वेळ उघडलं का नाहीस?" हे सगळ्यांनी पंचफुलाला विचारलं. तिनं जे उत्तर दिलं, त्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही.

३

पंचफुलाबाई रेणापूर नाक्याच्या पलीकडं एका पत्र्याच्या खोलीत राहते. सरांची बायपास झाली तेव्हापासून ती त्यांचं सगळं बघत होती. आणखी दोन घरची म्हातारी माणसंही तिच्याकडं होती. आता तिन्ही घरं बंद. म्हाताऱ्याला कोंडून मारणारी बाई म्हणून गल्लीत पोरंटोरं बोट दाखवतात, असं तिची मुलगी करिश्मा सांगत होती.

पंचफुलाबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळे लाल, खोल गेलेले. मी म्हणलं, "मी ओरडायला आले नाही. काय ऐकलं तेवढं सांग."

"पैलं मोठं वाजलं," ती म्हणाली. "ढगावानी. मग थांबलं. मग ते उड्या मारायचं, टकाटका ढोल वाजत्यात ना, ते. मग थांबलं. मग हळूहळू, रडल्यावानी. ते लई येळ चाललं. मग बंद."

"मग तू उघडलं का नाहीस?"

"माणसं कुठं गायली?"

मला कळेना. तिनं समजावलं. सरांनीच तिला शिकवलं होतं. या नवव्या सिंफनीत शेवटी माणसं गातात, मोठा घोळका गातो. इतर रविवारी सर टाळी वाजवायचे, ती कडी काढायची खूण. पण नववीच्या दिवशी टाळी नाही, दोन्ही संचांतली माणसं गाऊन थांबली की कडी काढायची. कारण त्यानंतर सरांना टाळी वाजवावीशी वाटायची नाही.

"म्या वाट बघून राहिले व्हते. आता गातील, मग गातील. सायेब मधी मधी असंच इचार करीत बसायचे, घंटा घंटा. म्हणलं आजबी बसले असतील. आन् माणसं गायलीच न्हाईत."

"दार वाजवलं का आतून? हाक?"

"न्हाई." मग ती थांबली. हाताची बोटं मोडत म्हणाली, "पर सगळे म्हणत्यात मला डुलकी लागली. माणसं गायली, तवा मी झोपले व्हते म्हणत्यात. उदगीरचे सायेब सोता सांगत्यात गायली म्हणून. ते कशाला खोटं बोलतील? बाई, माणसाला झोप लागली आन् त्याला कळलंच न्हाई, असं व्हतं का?"

तीसेक वर्षं लोकांचे जबाब घेतले, पण आपल्याच जबाबावरचा विश्वास उडालेली बाई पहिल्यांदाच बघितली. करिश्मा मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "आई पंधरा दिवस झोपली न्हाई मॅडम. झोपायची भीती वाटती म्हणती."

४

मैत्रीण असली म्हणून काय झालं, पहिला संशय मी सौदामिनीवरच घेतला. चाळीस वर्षं तेच तेच ऐकून मीसुद्धा काहीतरी केलं असतं. पण डोहाळजेवणात तिनं ओटी भरली, ओव्या म्हणल्या, अख्ख्या कॉलनीनं बघितलं.

मग यज्ञेश. पुण्यात कंप्युटरमध्ये आहे. आदल्या दिवशी बापलेकांचं फोनवर वाजलं होतं. त्यानं सगळे संच बंगळुरूच्या एका गिऱ्हाइकाला विकायचं ठरवलं होतं, सरांना न विचारता. बाहेरच्या जिन्याकडचं दार उघडायची किल्लीही त्याच्याकडं. मी त्याला समोर बसवलं आणि सरळ विचारलं, "रविवारी दुपारी तू कुठं होतास?"

"सोलापूरला. लग्नात. मावशी, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"घेतेय. मग?"

त्यानं मोबाइल काढला. लग्नातले फोटो दाखवले, मग केलेल्या फोनची यादी काढली आणि बोट थांबलं. एक केलेला फोन होता, बाबांना, त्याच दुपारी. "माफी मागायला केला होता," तो म्हणाला. "वाजत राहिला. डब्यात असणार. डॉक्टर म्हणाले, झटका आला तेव्हाच कोणी उचलून नेलं असतं तर बाबा वाचले असते. माझा फोन डब्यात वाजत होता आणि ती बाई दाराशी घोरत होती." आणि पोरगा माझ्यासमोर ढसाढसा रडला. त्याचा राग कुठून येत होता ते मला कळलं. पण राग खरा असला म्हणून आरोप खरा ठरत नाही.

तिसरे गुरुबसप्पा. ते दुसऱ्याच दिवशी आपण होऊन आले. सौदामिनीला तूरडाळीचं पोतं आणलं होतं. धोतर, टोपी, कपाळाला विभूती, भला थोराड माणूस. पण आवाज बसलेला.

"अक्का, मी माझा नवा संच आणला होता," त्यांनी सांगितलं. "वीस वर्षं शोधत होतो. नववी पुरी वाजली. माणसं गायली. सरांनी मान हलवली. मी पेटी बांधली आन् जिन्यानं उतरलो. सर म्हणले, आता मी माझी लावतो. तवा चांगले होते."

"मग कोणाची सरस ठरली?"

"सर काही बोलले नाहीत."

सौदामिनी म्हणाली, "वर येताय का, गुरुबसप्पा? त्यांच्या खुर्चीला नमस्कार करायला?"

"गुडघे धरलेत," ते म्हणले आणि चहा अर्धा टाकून उठले.

मला गुडघ्यांचं कौतुक सांगू नये. हा माणूस फाटकातून पोतं खांद्यावर घेऊन आला होता. ते गेल्यावर सौदामिनी म्हणाली, "आश्चर्य आहे. एकदा पेटीतलं छापील पुस्तक इथं राहिलं होतं, तर हा गृहस्थ भर पावसात उदगीरहून परत आला होता. आणि आज वरच्या खोलीकडं बघितलंसुद्धा नाही."

मी म्हणलं, "चल वर. मला तेच सगळं पुन्हा वाजवून ऐकायचंय."

५

खोली होती तशीच होती. दोन खुर्च्या. मधली सरांची, तिथं आवाज सगळ्यात चांगला येतो म्हणे. दुसरी तिच्या पुढं, रेकॉर्ड प्लेअरला लागून, पाहुण्याची. म्हणजे पाहुण्याची पाठ सरांकडं. सरांची पेटी टेबलावर, झाकण लावलेली. त्या रात्री सोलापूरहून येऊन यज्ञेशनं फक्त सुई उचलली होती. रेकॉर्ड तिथंच होती, तिच्यावर धूळ बसली होती.

मी यज्ञेशला सांगितलं, "हीच रेकॉर्ड लाव. मी पंचफुलाच्या जागेवर बसते. मधेच आतून दार वाजव. जोरात नको, आजारी माणूस वाजवेल तसं."

बाहेर बसले. पंचफुलानं सांगितलं तसंच, हळूहळू, रडल्यासारखं सुरू झालं. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. आणि मग दारावर टकटक झाली. स्पष्ट ऐकू आली.

यज्ञेशनं दार उघडलं. "ऐकू आलं ना मावशी? म्हणजे बाबांनी वाजवलं असतं तर तिला ऐकू आलंच असतं. ती झोपली होती."

"किंवा त्यांनी वाजवलंच नाही," मी म्हणलं. पण खरं सांगते, माझाही धीर सुटायला लागला होता. "पुढचं लाव. ती माणसं गातात ते."

बाजू संपली. त्यानं रेकॉर्ड उलटली. सौदामिनी खालून कणकेच्या हातानं वर आली होती, दाराशी उभी राहिली. म्हणाली, "आता आधी गडगडाट होतो आणि मग माणसं गातात."

गडगडाट झाला नाही, माणसं गायली नाहीत. ते उड्या मारायचं सुरू झालं, टकाटका ढोलांचं.

यज्ञेश म्हणाला, "चुकीची बाजू लागली वाटतं." आणि सुई उचलली. पण रेकॉर्डला बाजू दोनच. एकीवर रडायचं, दुसरीवर उड्या मारायचं.

सौदामिनीनं कणकेचा हात पदराला पुसला. वाकून ती रेकॉर्ड जवळून बघितली.

"ज्योत्स्ना," ती म्हणाली, "ही आमची रेकॉर्ड नाही."

६

तिनंच सांगितलं. चाळीस वर्षं नवऱ्याची बडबड ऐकली होती, ती वाया गेली नाही.

नववी सिंफनी चार बाजूंवर बसते. साध्या संचात पहिल्या रेकॉर्डवर पहिली आणि दुसरी बाजू, दुसऱ्या रेकॉर्डवर तिसरी आणि चौथी. रडायचं संपलं, रेकॉर्ड उलटली, की माणसं गाणार. पण जुन्या काळी परदेशात एक यंत्र होतं. रेकॉर्डी एकावर एक रचून ठेवायच्या, एक संपली की वरची आपोआप खाली पडायची, शेवटी सगळा ढीग एकदाच उलटायचा. त्या यंत्रासाठी वेगळ्या रेकॉर्डी निघायच्या. पहिल्या बाजूच्या पाठीला चौथी आणि दुसरीच्या पाठीला तिसरी.

"हे असले संच घरात येऊ देत नव्हते," सौदामिनी म्हणाली. "रेकॉर्डवर रेकॉर्ड आपटते, खरवडते म्हणायचे. आमच्याकडं असा एकही नाही."

यज्ञेशनं टेबलावरची पेटी उघडली. सगळ्या रेकॉर्डी आपापल्या जागेवर, एकही कमी नाही. मग प्लेअरवरची ही जास्तीची कोणाची, ते सांगायला नकोच होतं.

"आता ऐक," मी यज्ञेशला म्हणलं. "गुरुबसप्पा म्हणतात त्यांची नववी पुरी वाजली. तसं असतं तर शेवटी त्यांची पहिल्या बाजूची रेकॉर्ड लागली असती, जिच्या पाठीला माणसं गातात ती. आणि पेटी बांधून नेली म्हणतात, तर मग ही रेकॉर्ड इथं कशी? तुझ्या बाबांची पेटी कोणी उघडलीच नाही. म्हणजे त्या दुपारी या खोलीत माणसं गायलीच नाहीत. पंचफुलानं बरोबर ऐकलं. ती जागी होती."

यज्ञेश खाली बसला, आपल्याच पायांकडं बघत. "पण काका खोटं का बोलतील?"

"एक रेकॉर्ड मागं राहिली म्हणजे त्यांचा वीस वर्षांचा संच रद्दी झाला. तरी ते मागायला आले नाहीत. आज दारापर्यंत येऊनसुद्धा वर आले नाहीत. या खोलीत असं काहीतरी आहे, जे त्यांना संचापेक्षा जड झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती रेकॉर्ड उशीच्या अभ्र्यात गुंडाळली आणि उदगीरची गाडी धरली.

७

आडतीच्या मागं गुरुबसप्पांची खोली होती. भिंतभर संच. बाहेर हमालांची आरडाओरड, चाळण्यांचा आवाज. मी अभ्रा टेबलावर ठेवला. त्यांनी उघडलासुद्धा नाही.

"आमचीच आहे," ते म्हणले.

"पेटी कुठं?"

त्यांनी कपाटाकडं बोट दाखवलं. पेटी सुतळीनं बांधलेली तशीच होती. "त्या दिवसापासून सोडली नाही, अक्का. हात होत नाही."

मी खुर्ची ओढून बसले. "सांगा आता. मी ऐकायलाच आलेय."

ते हळूहळू बोलायला लागले, भिंतीकडं बघत.

"सरांची एक सवय होती. माझा संच लागला आन् आवडला नाही, की नाकातून मोठा श्वास सोडायचे. बोलायचं नाही हा नियम, पण श्वास सोडायला बंदी नव्हती. चाळीस वर्षं मी तो श्वास ऐकलाय. या संचासाठी मी काय काय केलं, माझं मला माहीत. म्हणलं, आज सरांना हरवतो. पहिली बाजू लावली. थोडा वेळ गेला आन् मागून श्वास आला. लई मोठा. मग परत. मला राग आला. म्हणलं, यप्पा, अजून सुरूबी झालं नाही तर नाक मुरडलं का. वळलो असतो तर त्यांचा चेहरा दिसला असता, तोच तो चेहरा. म्हणलं, आज नाही वळायचं."

"मग?"

"मग पाय घासल्याचा आवाज आला. मला वाटलं, कंटाळून पाय हलवून राहिले. मी दुसरी बाजू लावली. सरांकडं न बघता. तिसरी लावली. मनात म्हणत होतो, थांबा सर, शेवटी माणसं गातील तवा कळेल तुम्हाला. तिसरी संपली. चौथी लावायच्या आधी म्हणलं एकदा बघूच, काय म्हणतात." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "हात लावला तर गार."

बाहेर कोणीतरी त्यांना हाक मारत होतं.

"श्वास अडकला होता त्यांचा, अक्का. आन् मी रागावून बसलो होतो. दीड हातावर बसलो होतो."

मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. "आणि ती बाई? तिच्यावर का ढकललंत?"

"मी तिचं नावसुद्धा घेतलं नाही. पेटी उचलली आन् पळालो. रात्री यज्ञेशचा फोन आला, काका, तुम्ही होता का? मी म्हणलं, होतो, माझा संच पुरा वाजला, मग निघालो. एवढंच म्हणलं. पुढचं सगळं आपोआप झालं."

"आपोआप काही होत नाही, गुरुबसप्पा. तिनं विष शोधलं घरात, माहीत आहे? ती स्वतःलाच विचारत बसलीय, मला झोप लागली होती का म्हणून. तुमच्या एका वाक्यापायी."

ते पहिल्यांदा माझ्याकडं वळले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसायचं भान नव्हतं.

"गाडी काढायला सांगतो," ते म्हणले. "लातूरला येतो. तुम्ही म्हणाल त्याच्यापुढं सांगतो."

८

त्यांनी सांगितलं. आधी पोलिसात, मग सौदामिनीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. काही गाळलं नाही. मी करिश्माला निरोप देऊन पंचफुलाला बोलावून घेतलं होतं. ती आली ती दाराशीच खाली बसली. खुर्ची दिली तर घेतली नाही.

सौदामिनीनं सगळं ऐकलं आणि गुरुबसप्पांना एकच म्हणाली, "ते तुमचीच वाट बघायचे रविवारी. माझी नाही." त्यावर त्या माणसानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्याला उठवलंही नाही आणि लाथाडलंही नाही. बसून राहिली.

यज्ञेशनं अर्ज मागं घेतला होता. तो पंचफुलाजवळ जाऊन उकिडवा बसला. "मावशी, चूक झाली माझी," म्हणाला. "ज्या ज्या घरी मी तुमच्याबद्दल बोललो, त्या त्या घरी स्वतः जाऊन सांगतो. हवं तर आजच."

पंचफुलानं त्याच्याकडं बघितलंच नाही. ती माझ्याकडं बघत होती.

"मंजे मला झोप लागली नव्हती."

"नव्हती लागली," मी म्हणलं. "तू ऐकलंस तेच खरं. तुझं एकही अक्षर चुकलं नाही."

तिचा चेहरा सुटला. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच सुटला असेल. करिश्मानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटलं, चला, आपलं काम झालं. फौजदाराला एवढं एकच समाधान असतं, खरं कोण बोललं ते ठरवून द्यायचं आणि घरी जायचं. मी पिशवी आवरायलासुद्धा घेतली.

मग बघितलं तर तिचा चेहरा पुन्हा आवळत चालला होता.

"जागी व्हते," ती हळू म्हणाली. स्वतःलाच सांगितल्यासारखं. "दाराला पाठ लावून बसले व्हते. डाळ निवडून राहिले व्हते. आन् सायेब आत..." ती थांबली. "कडी काढायला काय लागतं, बाई? हात वर केला की निघती."

यज्ञेश खाली बघायला लागला.

"तवाच उघडलं असतं तर? पैलं थांबलं, तवा?"

डॉक्टर काय म्हणाले होते ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. यज्ञेशनंच ते गावभर केलं होतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणलं, "काही फरक पडला नसता, पंचफुला. ते तेव्हाच गेले होते."

नोकरीभर खोटं पकडायचं काम केलं, पण बोलायला मला कधीच जमलं नाही. तिनं ते ओळखलं. पण रागावली नाही. मान हलवली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. सौदामिनी म्हणाली, "उद्यापासून ये गं. मला एकटीला हे घर खायला उठतं."

पंचफुलानं तिच्याकडं बघितलं, मग माडीच्या जिन्याकडं बघितलं. आणि पदर नीट करत म्हणाली, "झोप लागली असती तेच बरं व्हतं, बाई."